दातांचे जुलाब

११ मार्च, मंगळवार
सकाळपासून आमच्या शिवांजलीला जुलाब. वय सव्वा वर्ष. बायको पूजा लगेच पिशवी भरून दारात उभी, चला पलूसला डॉक्टरकडं. साफ नकार दिला. आई म्हणाली, दात येतायत, एवढं व्हायचंच. विषय संपला. शेजारचा इंद्रजित पोरगं शिंकलं तरी सांगली गाठतो. बायकोच्या तालावर नाचणारा गडी! फौजेत असताना उठसूट एम.आय. रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, पळणाऱ्यांना आम्ही कामचुकार म्हणायचो.
निर्णय : घाबरायचं नाही.

१२ मार्च, बुधवार
जुलाब चालूच, वर उलट्या. पूजा साखर-मिठाचं पाणी पाजत होती. बंद केलं. वरून पाणी ओतलं की खालून पाणीच येणार, साधं लॉजिक आहे. पण हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पोरगी दुपारभर किंचाळली आणि डोळ्यांत टिपूस नाही! शुद्ध नाटक. आईवर गेलीय.

संध्याकाळी
बादलनं पेंड शिवली नाही. रविवारी मैदान, आणि शर्यतीचा बैल उपाशी! जनावरांचे डॉक्टर भरतेश यांना फोनवर फोन. उद्या येतो म्हणाले. उद्या? मुकं जनावर, कुठं दुखतंय ते सांगता येत नाही बिचाऱ्याला. अशा वेळी वाट बघत बसणं म्हणजे पाप.

१३ मार्च, गुरुवार
शिवांजली एकदम शांत. रडणं नाही, मागणं नाही. दुपटीसुद्धा रात्रीपासून कोरडी. गुण आला! मी काय सांगत होतो? पूजा म्हणाली, "आवं, पोरीला गोठ्यात बांधली असती तर एव्हाना डॉक्टर आला असता." हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मोटारसायकलची चावी खिशात ठेवली.

दुपारी
डॉ. भरतेश आले. बादलला काही झालेलं नाही, मैदानाच्या नादात तुम्हीच जास्त चारलंय म्हणाले. निघताना पूजाच्या खांद्यावरची पोरगी दिसली. त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, कातडीची घडी तशीच उभी राहिली. मला म्हणाले, अंगातलं पाणी संपलंय, वासराला असं ठेवलं असतंत तर शिव्या घातल्या असत्या. पूजा पोरीला घेऊन त्यांच्याच गाडीत बसली. मला बस म्हणालं नाही कुणी. मी मोटारसायकलवर मागं.

सांगली, दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? सांगता येईना. बादलचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. शीर सापडेना, शेवटी डोक्याला सुई लावली. अजून उशीर झाला असता तर, एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. हे लोक वाढवूनच सांगतात.
बाहेर जाऊन दोनदा तोंड धुतलं. इथं धूळ फार.

१५ मार्च, शनिवार
सलाईन काढलं. शिवांजली उठून बसली. मी उचलायला गेलो, तर मला बघून भोकाड पसरलं. गालांवरून घळाघळा पाणी. पूजानं विचारलं, "ह्ये बी नाटकच का वो?"
उद्याच्या मैदानाचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.
पोरीचे गाल पुसले नाहीत. ओलेच राहू दिले.