निर्मला नावाची बाई इथे राहत नाही

शहापूर, जि. भंडारा
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप रुखमिणी आत्याबाई यांना भाची निर्मलाचा सविनय जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला दिलेलं तेल लावता, की फडताळात ठेवून त्याची राखण करता, ते तुमच्या सूनबाई दामिनी यांनी खरं खरं कळवावं. (हे पत्रही त्याच वाचून दाखवत असतील, म्हणून त्यांनाही जयभीम.) इकडे आम्ही ठीक. तुमचे जावई ईश्वर रोज मोटारसायकलनं वरठीच्या कारखान्यात जातात आणि पाठ दुखते म्हणतात. सासूबाई सुमित्राबाई ठणठणीत आहेत, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यांच्या ठणठणीतपणामुळंच झाला.

फोन सोडून ही पत्र कायले लिहून राहिली, असं तुम्हाला वाटेल. तर आत्याबाई, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे हे तुम्हाला माहीतच आहे. (सत्तेचाळिसाव्या वर्षी. हसायचं ते एकदा हसून घ्या, पण पेपर मी देणारच.) आमच्या विद्यापीठानं परीक्षेच्या अर्जांचं काम एका बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीच्या कॉम्प्युटरातून सगळ्या विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली. नाव, आईचं नाव, पत्ता, फोटो, सही, जन्मतारीख, सगळं. विद्यापीठाचा मेसेज आला की दिलगीर आहोत, आपली ओळख आपणच जपावी. म्हणजे गोठ्याचं दार त्यांनी उघडं टाकलं, आणि गाय शोधायची आपण!

तुमचे जावई म्हणाले, "तुह्या नावाचं कोनी काय करन?" मला फार लागलं ते. माझं नाव काय रस्त्यावर पडलंय? मी त्याच दिवशी ठरवलं की आपली ओळख आपण जपायची म्हणजे जपायची. आधी सही बदलली. इतकी अवघड केली की चोराच्या बापाला जमू नये. (मलाही दुसऱ्यांदा जमली नाही, पण ते नंतर कळलं.) मग घरात सगळ्यांना ताकीद दिली की कोणी अनोळखी माणूस दारात येऊन माझ्याबद्दल काही विचारेल तर एक अक्षर सांगायचं नाही.

हे चालू असतानाच मुलगी खुशबूनं मोबाईलवर माझा परीक्षेचा अर्ज उघडून पाहिला. नाव माझं, आईचं नाव पार्वताबाई, आणि फोटोत गॉगल लावलेला, मिशी फुटलेला एक पोरगा! कोणीतरी माझ्या खात्यात शिरून स्वतःचा फोटो लावून ठेवला होता. कायले लावला, ते त्यालाच ठाऊक. खुशबू हसून हसून खाटेवर लोळली. माझ्या डोळ्यांपुढं मात्र परीक्षेचं दार दिसत होतं आणि दारात तो गॉगलवाला. मी लगेच विद्यापीठाला तक्रार लिहिली. त्यांनी, खोटं का बोलू, आठ दिवसांत नवा पासवर्ड रजिस्टर टपालानं पाठवलासुद्धा.

मी अंगणवाडीत कामावर होते. पोस्टमन नवा. त्यानं दारात विचारलं की निर्मलाबाई इथंच राहतात का. सासूबाईंनी माझी ताकीद अशी पाळली की काय सांगू. "अशी कोनी बाई इथं रायतच नाही," म्हणाल्या. त्यानं शेजारी विचारू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागं गेल्या. टपाल परत गेलं. आता विद्यापीठाच्या दप्तरी या पत्त्यावर मी राहतच नाही. सासूबाईंना बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं, हुकूम माझाच होता.

शेवटी सुटी टाकून लाखनीच्या अभ्यासकेंद्रात गेले. तिथले बाबू प्रफुल्ल म्हणून आहेत, माणूस सरळ. त्यांनी सही करायला सांगितली. मी नवी केली, जुळली नाही. जुनी केली, तर भीतीनं तीही वाकडी आली. मग जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, एक जुलै. त्यांनी यादी पाहिली, चष्मा पुसला, परत पाहिली. म्हणाले, "बाई, तुमच्या गावचे चवदा जण एकाच दिवशी जन्मले काय?" मी म्हटलं, सर, आमच्या वेळी शाळेत गुरुजी नाव घालताना सगळ्यांचाच जन्म एक जुलैला घालत. बापाला तारीख सांगता येत नसे, आणि वेगवेगळ्या तारखा लिहून गुरुजींची मान दुखत असे. प्रफुल्लबाबू म्हणाले, चोराकडंही हीच तारीख आहे, मग तुम्ही आणि तो यांत फरक काय?

आत्याबाई, अंगणवाडीच्या रजिस्टरात गावच्या प्रत्येक लेकराचा जन्म मी माझ्या हातानं लिहिते, वेळेसकट. माझा मात्र कुठंच लिहिलेला नाही. सत्तेचाळीस वर्षं मी गुरुजींच्या सोयीच्या दिवशी जन्मून राहिली. मला तिथंच रडू आलं, आणि प्रफुल्लबाबूंनी घाबरून चहा मागवला.

पण उठले नाही. आधारकार्ड, शेतीचा सातबारा, सरपंचाचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं. तीन तासांनी गॉगलवाला निघाला आणि माझा फोटो बसला. आता एकच काम राहिलं. येत्या सोमवारपर्यंत खात्याला एक गुप्त तारीख द्यायची, जी फक्त मलाच माहीत असेल, तेव्हा हॉलतिकीट निघेल. बाबू म्हणाले, लग्नाची टाका. ती पत्रिकेत छापून अर्ध्या तालुक्याला वाटलेली आहे! असो. गुडघ्यांना तेल लावा, थंडीत बाहेर बसू नका.

तुमची भाची,
निर्मला

ता. क. – माझ्या जन्माच्या दिवशी भाताची रोवणी सोडून, चिखलाच्या पायांनी तुम्ही आईजवळ धावत आल्या होत्या, असं आई सांगायची. आई-बाबा आता नाहीत. तो दिवस कोणता होता, हे सांगणारं माणूस जगात तुम्हीच एक राहिला आहात. मला माझी तारीख पाहिजे.

दुसरा ता. क. – उत्तर पत्रानं पाठवू नका, फोनवर सांगू नका, दामिनीबाईंनाही नको (राग मानू नये). तुमचं गाव जिल्ह्याच्या वाटणीत जागचं न हलता गोंदियात गेलं, पण बस अजून येते. मी रविवारी येते. कानात सांगा.

तिसरा ता. क. – आत्याबाई, आठवत नसेल तर "नाही आठवत" म्हणू नका. जो दिवस तोंडात येईल तो ठामपणे सांगा. मी परत विचारणार नाही, आणि मरेपर्यंत तोच माझा धरीन.