ढगावरचं कडं

१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, हे आधी वाच आणि मग खाली बस. दवाखान्यातून लिहितेय. खांद्याला पट्टा आहे, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायांसारखं.

काल आमची दोन शिकाऊ लढाऊ विमानं आभाळात एकमेकांवर आदळली. पुढे लंबू, माझ्याच तुकडीतला. त्याच्या पंखाशी चिकटून मागे मी. यात नियम एकच: पुढच्याने दोघांसाठी आभाळ पाहायचं, मागच्याने फक्त पुढचं विमान. नजर हलवायची नाही.

आत्या, मी हलवली. खाली पांढऱ्या ढगावर सप्तरंगी कडं उमटलं होतं, पूर्ण गोल, आणि त्यात आमच्या दोघांच्या सावल्या. असं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बघता बघता सावल्या जवळ आल्या, एक झाल्या. किती सुंदर, असं मनात येतंय तोच धडक बसली.

पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्याने नाही. पॅराशूट उघडलं आणि आवाजच संपला. समोर लंबू लोंबकळत होता. वेड्यासारखे एकमेकांना हात करत आम्ही उतरलो. विमानं ओसाड माळावर जळाली.

लंबूचा पाय मोडलाय. धडकेआधीचं त्याला काही आठवत नाही, आणि सगळे म्हणतात की त्यानेच वळण घाईने घेतलं. चौकशीत तसं ठरलं तर त्याचं उडणं संपलं. मी बोलले तर माझं. तुझी भाषणं लहानपणापासून ऐकलीत. आता एक माझ्या एकटीसाठी कर.

तुझी,
ठमी

१६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खाली बसले नाही. सभेत राहते तशी उभ्यानेच वाचलं. तुझ्या बाबाला किरकोळ पडलीस एवढंच सांगितलंय. तेवढ्यावरच तो गल्लीभर औषधं विचारत फिरतोय.

या युद्धाच्या यंत्रांविरुद्ध मी जन्मभर घसा फोडला. तू भरती झालीस तेव्हा तुझ्याशी बोलणार नाही म्हणाले, आणि पत्रं लिहीतच राहिले. आज टेबलावर आपटायला मूठ उचलली, ती तशीच राहिली. मरण पंखाशी येऊन ठेपलंय आणि पोरगी कडं बघतेय! त्या कड्यापुढे माझं प्रत्येक भाषण फिकं आहे. मीही पाहिलं असतं.

पण पाहिलंस, तर पाहिलं म्हण. ज्यांनी जग बिघडवलं, त्यांच्या पाठीशी नेहमी गप्प बसलेली चांगली माणसं होती. त्या पोराचं आभाळ तुझ्या जिभेखाली अडकलंय. मोकळं कर. संपलं भाषण. टाळ्या नकोत, खांदा शेक.

आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

चौकशीत मी सगळं सांगितलं ते तुला तेव्हाच कळवलं होतं. एक गोष्ट राहिली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि कड्यात सावल्या कुठे होत्या ते विचारलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की ते कडं त्यांनी फक्त एकटं उडतानाच पाहिलंय. सोबत कुणी असलं की ते आपल्यासाठी नसतं. आणि त्यांनी माझं उडणं कायमचं बंद केलं.

लंबू मला महामूर्ख म्हणाला. रडत म्हणाला, म्हणून सोडून दिलं.

आज तो पुन्हा उडाला. मी कुंपणापाशी उभी होते. विमानाची सावली गवतावरून धावत आली आणि माझ्या अंगावरून गेली. आत्या, मी सावलीकडे पाहिलं नाही. मान वर करून विमानच पाहत राहिले, दिसेनासं होईपर्यंत.

तुझा लोभ आहेच. तो वाढव म्हणत नाही. मी घरी येतेय, तेव्हा थोडा टेबलासाठीही राख, त्यावर मूठ आपटू नकोस.

तुझी,
ठमी