काचपेटीतलं पातेलं आणि तुझी ताई

चि. मेहुणेबुवा, तुझ्या दाजींचे तुला पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे कोरडे आहोत. (पूर आल्यापासून खुशाली विचारली की माणसं एवढंच सांगतात.) तुझी ताई ठणठणीत आहे, तिचा आवाज त्याहून ठणठणीत आहे, आणि या पत्राचा विषय तीच आहे. तुझी पाठ कशी आहे? मुख्यालयात नव्या खुर्च्या आल्याचं कळलं, म्हणजे बरी असणार. एवढ्या मोठ्या मदतसंस्थेच्या वारसा विभागाचा प्रमुख वाकून चालला तर देणगीदारांना काय वाटेल?

आता मुद्द्यावर येतो, पण थेट येणार नाही. इतकी वर्षं तुमच्या संस्थेचा माल माझ्या ट्रकमधून जातो, त्यामुळे थेट जायची सवयच मोडली आहे. मी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होतो तेव्हापासून तुमचे साहेब लोक केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून बोलत आले आहेत. ट्रकवाल्याला कान नसतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्या नसलेल्या कानांनी ऐकलेला तुमच्या संस्थेचा इतिहास असा: लढाईच्या काळात एका नर्सबाईंनी, म्हणजे तुमच्या मोठ्या सिस्टरनी, स्टेशनाबाहेर उपाशी बसलेली माणसं पाहिली, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं सर्वांत मोठं पातेलं कोणालाही न विचारता उचललं आणि रस्त्यावर चूल मांडली. (माझी आई म्हणायची की तिने त्यातली पेज खाल्ली होती. त्या वयाच्या सगळ्याच आया तसं म्हणतात. सगळ्यांचं खरं धरलं तर ते पातेलं नव्हतं, तलाव होता.) झालं, एवढीच संस्था. बाई परवानगी मागत बसल्या असत्या तर ती निघालीच नसती. मग पातेल्याला हातभार लावायला समिती आली, समितीला बसायला इमारत आली, इमारत पोसायला देणगीदार आले, देणगीदारांना दाखवायला फोटो आले, आणि फोटोत धूर येतो म्हणून चूल गेली. पातेलं काचपेटीत जाऊन बसलं. त्याचं चित्र पाट्यांवर, गाड्यांवर आणि तुझ्या टायवर चढलं. ज्याच्या छातीवर पातेलं आहे असा माणूस मी उपाशी कधी पाहिला नाही, एवढं मात्र खरं.

तर आमच्याकडे पूर आला, खालची वस्ती वाहून गेली आणि तिथली माणसं बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये आली. शाळेतली नोकरी संपल्यापासून तुझ्या ताईला ओरडायला पुरेशी माणसं मिळत नव्हती. ती पहिल्याच दिवशी तिथे गेली आणि स्वयंपाकाची प्रमुख झाली. (नेमणूक कोणी केली हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.) घरातली सगळी भांडी तिने शेडमध्ये नेली, पण तेवढ्या तोंडांपुढे आमचा सगळ्यात मोठा टोप म्हणजे चमचाच. मग मदतसंस्था आल्या आणि त्यांनी आपापसांत कामं वाटून घेतली. धान्य तुमच्याकडे, शेगड्या दुसऱ्यांकडे, भांडी तिसऱ्यांकडे. तुमचं धान्य सर्वांत आधी पोचलं, ते कबूल केलं पाहिजे. शेगड्याही आल्या. भांडीवाल्यांनी मात्र आधी पाहणी करायचं ठरवलं. एक मुलगी टॅब्लेट घेऊन बायकांना विचारत फिरली, घरात स्वयंपाकाचं मोठं भांडं आहे का? एक बाई म्हणाली, अगं, घरच नाही. मुलीने "लागू नाही" वर बोट टेकवलं आणि ती पुढे गेली.

मी म्हटलं, माझा ट्रक आहे, नदीपलीकडून भांडी मी आणतो. पण पुलावरून फक्त संस्थेच्या पासवर, संस्थेच्या वाट्याचा माल येतो. तुमच्या पासवर भांडं बसत नाही, भांडीवाल्यांचा पास पाहणीशिवाय निघत नाही. परिणामी पोरं तांदळाच्या पोत्यांवर बसून बिस्किटं खात होती. म्हाताऱ्यांना तीही चावत नव्हती. तुझी ताई तुमच्या इथल्या प्रमुखांकडे गेली. (यांना आम्ही अहवालराव म्हणतो. शिंक आली तरी आधी तिची पार्श्वभूमी लिहितात.) थोडे तांदूळ देऊन भांडी घेऊ का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, धान्याचं रूपांतर भांड्यात करता येत नाही, बाई. ती म्हणाली, मग भातात तरी करू द्या.

अशात तुमच्या मुख्यालयातून फोन आला: अत्यंत तातडीचा माल आहे, पास तयार आहे, ताबडतोब उचला. माल खोक्यात बंद. मी ट्रक असा हाणला की शेडपाशी पोचेपर्यंत माझ्याच कमरेचा आवाज ऐकू येत होता. सगळी शेड बाहेर आली. खोकं उघडलं तर आत काचपेटी, काचपेटीत रिबीन बांधलेलं मोठ्या सिस्टरचं पातेलं! मोठ्या सिस्टरच्या जन्मशताब्दीनिमित्त देणगीदार शेड बघायला येणार, तेव्हा फोटोत त्यांच्यामागे शोभेला म्हणे. (कल्पना तुझीच, हे खोक्यावर तुझी सही पाहून कळलं. अभिनंदन.) एका म्हाताऱ्या विणकराने विचारलं, साहेब, यात काय आहे? अहवालराव म्हणाले, इतिहास. म्हातारा म्हणाला, शिजतो का?

तुझी ताई काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत होती. मग म्हणाली, कल्हई ताजी आहे. शताब्दीसाठी तुझ्या खात्याने ती करून घेतली असणार. तुझ्या खात्याच्या हातून घडलेलं हे पहिलं उपयोगी काम. अहवालराव बैठकीला गेल्याबरोबर तिने माझ्याकडे पाना मागितला. संसारात तिने मागितलेली वस्तू मी कारण विचारून कधी दिलेली नाही. दुपारी पातेलं शेगडीवर होतं, डाळ-तांदूळ रटरटत होते, आणि त्या शेडमध्ये पुरानंतर पहिल्यांदा कोणीतरी कोणालातरी "ढकलू नको रे मेल्या" असं म्हणत होतं. ऐकून जिवाला बरं वाटलं.

अहवालराव परतले ते धूर बघून धावतच. पातेल्याचं काळं बूड पाहून असे ओरडले की घरातलं कोणी गेलं असं वाटावं. वारसा वस्तूचं नुकसान, अनधिकृत वापर! सोमवारी ते पातेलं जप्त करणार, स्वयंपाक बंद, तुझी ताई शेडच्या बाहेर, वर पोलिसांत तक्रार. ताई म्हणाली, खुशाल न्या, पण आधी रिकामं होऊ द्या. आणि ते अर्धं झालं की ती पुन्हा तांदूळ टाकते. पण सोमवारी पोरं परत बिस्किटांवर येणार, हे तिलाही कळतं. परवापासून ती माझ्यावरदेखील ओरडलेली नाही, यावरून काय ते समज.

घरी सगळ्यांना आमची आठवण सांग. पाठीला शेक दे.

तुझा,
दाजी

ता. क. पत्र खुशालीसाठी लिहिलं असं तुला वाटलं असेल तर तू भोळा आहेस. तुझ्या खात्याच्या कागदावर एवढंच लिहून पाठव की शेडमधला स्वयंपाक हे शताब्दीचं अधिकृत प्रात्यक्षिक आहे आणि ते माणसं घरी जाईपर्यंत चालू राहील.

ता. क. २. कागद राहू दे. लिफाफा चिकटवणार तोच देणगीदार ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आले. अहवालरावांनी झडप घालून ताईच्या हातातली पळी घेतली, खिचडी वाढतानाचे फोटो काढून घेतले आणि ही योजना आपल्याला कशी सुचली ते सांगितलं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (धुराकडे तोंड करून उभे होते.) तक्रार बारगळली, ताईचा सत्कार ठरला. मात्र योजना इतकी गाजली आहे की शुक्रवारी ते पातेलं शहरातल्या हॉलमध्ये प्रदर्शनाला नेणार आहेत. म्हणजे शुक्रवारपासून पुन्हा बिस्किटं.

ता. क. ३. तुझ्या ताईने पत्र वाचलं. ती म्हणते, कागद नको, फोन नको, शुक्रवारच्या आत तू स्वतः ये. तिने पुलावर उभं राहून नीट पाहिलंय: मुख्यालयाच्या साहेबांचं सामान कोणी उघडून बघत नाही. तेव्हा घरातली सर्वांत मोठी सुटकेस घे, शेजाऱ्यांचीही माग. पातेली आण. कपडे आणू नकोस, माझे घाल.