रचणारा येईल

९ मे

प्रिय दादा,

तू बरा असशील. इथे सगळं ठीक. आई विचारतेय, वेळेवर जेवतोस ना? तू फोन उचलत नाहीस म्हणून हा पत्राचा उद्योग. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे.

मोठी बातमी: गवताचे गठ्ठे बांधणारा आपला जुना बेलर अखेर गेला! सुतळीची गाठ मारणारा भागच तुटला आणि पार्ट कुठे मिळत नाही. नवीन मशीन निवडायचं काम माझ्याकडे. पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघतेय. गवत कापायला फिरत्या चकत्यांचं मोअर ठरलं. जुन्याला दिवस लागायचा, हे दुपारपर्यंत अख्खा माळ साफ करतं. डेमोला मीच चालवलं. डीलर म्हणाला, "ताई, सावकाश, शर्यत नाहीये." त्याला काय माहीत.

अडलंय बेलरवर. गोल गठ्ठ्यांचा की छोट्या चौकोनी? गोल एकटीला जमतो. गठ्ठा शेतात पडतो, नंतर ट्रॅक्टरनेच उचलायचा. चौकोनीला मागे ट्रेलरवर रचणारा माणूस लागतो. म्हणजे तू.

मी गोल म्हटलं की परवापर्यंत बाबांचं एकच, "चौकोनी घे. रचणारा येईल." वर्ष झालं, तुझं नाव घेत नाहीत. पण तुझा गठ्ठे ओढायचा लोखंडी आकडा तेल लावून खुंटीला टांगून ठेवला होता. आई म्हणायची, "माणसाला हाकललं आणि आकड्याला जपतायत."

दादा, मशीनचं एवढं पुराण लावलंय, कारण पुढचं लिहवत नाहीये.

त्या दिवशी गठ्ठे तू नीटच रचले होतेस. ओढ्याजवळचं वळण मी तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं. आभाळ भरून आलं होतं, मला घाई होती. ट्रेलर कलला आणि अख्खा थर बाजूने चालणाऱ्या बाबांवर कोसळला. खुबा मोडलेला, तरी पडल्या जागेवरून तुझ्यावर ओरडले, "रचायची अक्कल नाही! चालता हो!" तू माझ्याकडे बघितलंस. मी स्टीअरिंगकडे बघत राहिले. गिअर तुला ऐकू आला असणारच. तरी तू बोलला नाहीस.

काल बाबांना सांगितलं. वॉकर धरून शेडमध्ये उभे होते. मला रागावलेसुद्धा नाहीत. खुंटीवरून आकडा काढला, खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "गोल घे. आता कुठल्या तोंडाने बोलवू त्याला?"

डीलरला शनिवारी सांगायचंय. फॉर्म समोर आहे, कोराच. तू आलास तर सगळी वळणं पहिल्या गिअरमध्ये घेईन. नाही आलास तरी काम अडणार नाही. गोल बेलर एकटीला जमतो, मी बघितलंय.

त्या दिवशी स्टीअरिंगवर होती ती,
ठमी