करडी मादी नूरबानोला

मी, वत्सलाबाई गोटीराम पगारे, वय साठ, धर्माने बौद्ध, नगरपालिकेच्या शाळेची सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार नाशिकच्या द्वारका चौकातून नाशिक रोडकडे जाताना लागणाऱ्या शिक्षकांच्या सोसायटीत, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकिलांनीच काही कलमे गाळा म्हणून बरीच गळ घातली, ती मी मानलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे करण्याइतकी सवड मला मिळेल असे वाटत नाही.

कलम १. माझ्या नावावरचे दोन खोल्यांचे घर व पोस्टातली बचत माझी नात नूरबानो अन्सार शेख हिला मिळावी. ती आज नऊ वर्षांची आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिचे वडील अन्सार यांनी सर्व सांभाळावे. अन्सार माझा जावई. द्वारकेजवळ ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. माझी एकुलती मुलगी गौतमी हिने १९७६ साली त्याच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी पाठ फिरवली. नवऱ्याने आणि मी फिरवली नाही, पण आनंदाने उड्याही मारल्या नाहीत. आता लिहिते की गौतमीची निवड चांगली होती. काविळीने ती १९८१ साली गेली त्यानंतर अन्सारने दुसरे लग्न केले नाही, आणि दर रविवारी मुलीला माझ्याकडे आणण्यात एकदाही कसूर केली नाही.

कलम २. माझे यजमान कै. गोटीराम पगारे ओझरच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारे, म्हणजे कानशी, ड्रिल, पाने, पक्कड व शेगडीखालच्या पेटीतले सगळे, अन्सारला द्यावे. त्याच हत्यारांनी त्यांनी कोळ्यांच्या पेट्या बनवल्या.

कोळी म्हणजे जाळ्यातला घरचा कोळी नव्हे. तळहाताएवढा, केसाळ, बिळात नाहीतर झाडाच्या ढोलीत राहणारा, ज्याला इंग्रजी पुस्तकांत टॅरँटुला म्हणतात तो. गौतमी प्राणिशास्त्र शिकत असताना पेठच्या जंगलात सहलीला गेली आणि येताना डालडाच्या डब्यात एक मादी घेऊन आली. मी किंचाळले. यजमान मात्र चष्मा पुसून डब्यात वाकून बघत बसले, आणि दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे घेऊन आले. पुढे पेट्या वाढत गेल्या. बापलेकीचा नेहमीचा वाद एकच, पुढचा कोळी कोणता आणायचा. तिला सुंदर हवा असायचा, त्यांना गरीब स्वभावाचा. पुढच्यासाठी एक पेटी माती भरून कायम तयार असे. लग्नानंतरही तिने कोळी आमच्याकडेच ठेवले आणि त्यांच्यासाठी ती आठवड्यातून दोनदा यायची. आमच्यासाठीही येत असेल, पण आधी पेट्यांकडे जायची.

ती गेली त्याच आठवड्यात यजमानांना तिची पहिली मादी पेटीत निपचित पडलेली दिसली. ते मला म्हणाले, "तीपण गेली गं." गौतमीच्या रुमालात गुंडाळून त्यांनी तिला मागच्या शेवग्याखाली पुरले. मी विचारले, उताणी होती की पालथी. ते म्हणाले, उताणी.

मेलेला कोळी पालथा असतो आणि पाय पोटाखाली मुडपतो. उताणा पडतो तो कात टाकायला. गौतमीने हे आम्हा दोघांनाही शिकवले होते, पण त्या दिवसांत त्यांना स्वतःचे नावही आठवत नव्हते. ते बाजारात गेले तेव्हा मी जागा उकरली. ती अर्धी कातीबाहेर आली होती आणि तशीच थांबली होती. मी माती पुन्हा सारखी केली आणि त्यांना काही सांगितले नाही. दोन वर्षांनी ते गेले, तोवर संध्याकाळी त्या शेवग्यापाशी खुर्ची टाकून बसत. मी त्यांना चहा तिथेच नेऊन देत असे. सांगण्यासारखे ते नव्हतेच आणि अजूनही मला तसेच वाटते. आता ते नाहीत, म्हणून लिहिले.

कलम ३. माझे दीर कारभारी पगारे, राहणार दिंडोरी, द्राक्ष बागायतदार. यांना माझ्या मोरीत पडलेला औषध फवारणीचा पंप द्यावा. तो त्यांचाच आहे.

खुलासा करणे भाग आहे. पुतणीच्या लग्नाला हे आले नाहीत, मातीला आले नाहीत. भाऊ गेल्यावर मात्र आले, घर कोणाच्या नावावर आहे ते विचारले, आणि विधवा वहिनीच्या घरात कोळ्यांचा सुळसुळाट झालाय असा समज करून घेतला. मी दवाखान्यात गेले होते. यांनी बागेचा पंप आणून पुढची खोली कोपऱ्याकोपऱ्यातून फवारली, पेट्यांची झाकणे उघडून आतही फवारले, आणि मी परत आले तेव्हा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "वहिनी, आता काय टेन्शन नाय, समदं साफ केलंय." ते मनापासून म्हणाले हे मी नाकारत नाही. अकरा कोळ्यांपैकी तीन वाचले, कारण त्यांच्या पेट्या ऊन नको म्हणून स्वयंपाकघरात ठेवल्या होत्या. बाकी सगळे गौतमीच्या हातचे होते.

कारभारींना मी क्षमा केली आहे असे इथे लिहावे, असा वकिलांचा आग्रह होता. ते मी लिहीत नाही. पंप न्यावा.

कलम ४. गौतमीची लग्नातली हिरवी साडी अन्सारच्या आई जैतुनबी यांना द्यावी. आमच्यात बरीच वर्षे बोलणे नव्हते. गौतमीला त्यांच्या रिवाजाप्रमाणे दफन केले. बायकांनी कब्रस्तानात जायचे नसते म्हणून मला दारातच थांबवले, आणि थांबवणारा हात जैतुनबींचा होता. तो हात मी विसरू शकत नव्हते. पण फवारणीची बातमी अन्सारकडून कळली तेव्हा त्या जुन्या नाशकातून एकट्या रिक्षाने आल्या. मी मेलेले कोळी सुपात भरत होते. त्यांनी माझ्या हातातले सूप घेतले आणि म्हणाल्या, "समधनबाई, इनको कचरे में नहीं डालते. मकडी का एहसान है हम पे." त्यांच्या धर्मात कोळ्याला मारणे पाप समजतात, गुहेच्या तोंडाशी जाळे विणून त्याने पैगंबरांचा जीव वाचवला म्हणून, हे मला त्या दिवशी कळले. आठही कोळी त्यांनी आपल्या ओढणीत घेतले. आम्ही दोघींनी मिळून खड्डा खणला. मग त्या माझ्याजवळ बसून रडल्या, कोळ्यांसाठी नव्हे. त्या दिवसापासून माझा राग गेला. कोळी त्या घरात जावेत असे मी तेव्हाच ठरवले.

कलम ५. आता उरलेले तीन कोळी.

ढोलीतली मादी, राखाडी पाठ आणि पुढच्या पायांखाली पिवळा रंग, दिसायला सर्वांत देखणी. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती कोपरापर्यंत चढलेली असते, आणि चावली की हात खांद्यापर्यंत ठणकतो, माझा ठणकला आहे. नवशिक्याच्या घरात ती नको. अन्सारने तिला पेठच्या बाजूला जुन्या आंब्याच्या ढोलीत सोडून यावे. पेटीचे झाकण काठीने उघडावे, शौर्य दाखवू नये.

दुसरा काळा नर. रुबाबदार, शांत, कधी कोणावर पाय उगारला नाही. नूरचा जीव याच्यावर आहे. तिने त्याचे नाव शहजादा ठेवले आहे.

तिसरी करडी मादी, अजून वयाने लहान. दिवसभर बिळात असते. मातीच्या रंगाची, त्यामुळे बाहेर आली तरी दिसत नाही. धक्का लागला तर अंगावर न येता आत पळते. झुरळ मिळाले तर खाते, नाही मिळाले तर महिना महिना तक्रार करत नाही. पाण्याची वाटी आणि कोरडी माती, एवढेच तिला लागते. हातात कुठलाच कोळी घ्यायचा नसतो, पण पहिल्यांदा पाळणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका सहन करणारी अशी मी दुसरी पाहिली नाही.

मागच्या महिन्यात मी नूरला सांगितले की तुझ्या आईची रिकामी पेटी आता तुझी, त्यात यातला एक तुझ्या घरी जाईल. तिने लगेच काळ्यावर बोट ठेवले. मी म्हटले, करडी घे. ती म्हणाली, "नानी, ती तर मातीच आहे. मला काळाच पाहिजे." मी नाही म्हटले. कारण सांगितले नाही. त्यानंतर चार रविवार झाले, ती येते, पायरीवर बसते आणि माझ्याशी बोलत नाही. माझ्याकडे रविवार फार उरलेले नाहीत, हे तिला माहीत नाही.

कारण असे. काळ्याच्या तोंडापुढच्या आखूड पायांची टोके फुगली आहेत. नर वयात आला की ती फुगतात. मग त्याचे खाणे सुटते, रात्रंदिवस पेटीच्या भिंतींवर चढून मादी शोधतो, आणि वर्षाच्या आत मरतो. त्याला औषध नाही. नूर तीन वर्षांची असताना तिची आई गेली. पाच वर्षांची असताना आजोबा गेले. आता मी निघाले आहे. यावर शहजादा तिच्या हवाली करून, पुढच्या पावसाळ्यात त्याच्या मुडपलेल्या पायांकडे तिला बघायला लावायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून काळ्यालाही अन्सारने पेठच्या जंगलात सोडावे. नूर विचारील. तिला सांगावे की तो लग्नाला गेला. हे खोटे नाही.

करडी मादी नूरला द्यावी. तिने टाकलेली कात मी भिंगाखाली तपासली आहे, ती मादीच आहे याबद्दल शंका नाही. या जातीच्या माद्या फार वर्षे जगतात. नीट सांभाळली तर नूर तिच्या आईच्या वयाची होईल तेव्हाही करडी तिच्या घरात असेल. नवशिक्याला सोपी म्हणून ती मी निवडली असे मी सगळ्यांना सांगितले आहे. खरे एवढेच आहे की नूरचे आणखी कोणी इतक्यात मरू नये.

हे कलम तिला आता वाचून दाखवू नये. नानीने चांगला कोळी दिला नाही म्हणून ती रागावली असेल, तर तिला रागावू द्यावे. माझी आठवण रागाने आली तरी मला चालेल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला व तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. अन्सार व जैतुनबी यांच्या नावे काही ठेवले असल्याने त्यांना साक्षीदार केलेले नाही.

स्थळ : नाशिक
तारीख : २२ मार्च १९८७, रविवार

(सही) वत्सलाबाई गोटीराम पगारे

आमच्या समक्ष वत्सलाबाईंनी सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या :

१. (सही) डॉ. निवृत्ती दोंदे, नाशिक रोड
२. (सही) भागीबाई गांगुर्डे, शेजारी. सही करताना नात बाहेर पायरीवर बसलेली होती. बाईंनी तिला दोनदा हाक मारली. ती आत आली नाही.