लाल भागातलं लग्न

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
उमरोळी, गच्चीवर. ड्रोनचे चारही पंखे मऊ फडक्याने पुसले, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. १६ तारखेला नवापूरचं लग्न. स्टुडिओच्या प्रकाशदादांनी बजावलंय, अणुऊर्जा केंद्रापासून लांब राहायचं, तिथे उडवायला बंदी आहे. किती लांब, ते त्यांनाही माहीत नाही. म्हणून काल बाईकने मांडवाच्या जागेपासून बोईसरमार्गे केंद्राच्या गेटपर्यंत जाऊन आलो. १८.२ कि.मी. पुष्कळ झालं.

६ फेब्रु.
नवापूर, मुलीच्या वडिलांकडे. स्वतःची बोट आहे, गाव नाखवा म्हणतं, मी काका म्हणतो. मुलगा खाडीपलीकडचा, दांडीचा. वऱ्हाडाच्या गाड्या कुठे लावणार, ते विचारलं. काका हसले.
"गाड्या कशाला? पाच होड्या येतील सजवून. तेच तर वरून काढायचं हाय तुला. चा थंड होत नाय तवर पोचतात."
किनाऱ्यावर नेऊन दाखवलं. समोर दांडी, आणि तिच्या मागेच केंद्राची उंच चिमणी.
माझे १८.२ म्हणजे खाडीला वळसा घालून गेलेला रस्ता. ड्रोन काय बोईसरवरून जाणार? हे आधी कसं सुचलं नाही. चहा घेतला.

७ फेब्रु.
बोईसर, सायबर कॅफे. फोनवर न उघडणारा सरकारी नकाशा तिथे उघडला. हिरव्यात ड्रोन मोकळा, पिवळ्यात विचारून, लालमध्ये बंदी. मांडव लालमध्ये. कडेला नाही, चांगला आत.
कॅफेवाला म्हणाला, "भाई, लाल में तो दिल्ली से पूछना पड़ेगा."
दिल्लीत कोणाला? नियम विमान वाहतूक मंत्रालयाचे. प्रमाणपत्रं त्याच्या हाताखालचं महासंचालनालय बघतं. लाल भागाची परवानगी केंद्र सरकारची. म्हणजे मंत्रालयच ना? की गृहखातं? की अणुऊर्जावाले? आणि पकडणार पोलीस. कागदावर बाण काढून पाहिले. पान भरलं, कुठून सुरुवात करायची ते कळलं नाही.

१० फेब्रु.
पोलीस ठाणे: कलेक्टर ऑफिसला विचारा. कलेक्टर ऑफिस, पालघर: आधी पायलटचं प्रमाणपत्र आहे का? (कारकून चांगला, बसायला सांगितलं.) प्रशिक्षण संस्थेला फोन. बाई म्हणाल्या, दहावी पास लागतं.
मी नववी. तीन वर्षं उडवतोय, एकदाही झाडाला लागू दिला नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
तरी मंत्रालयाला ईमेल केला. चार वेळा लिहून काढला. 'सदर ठिकाण लाल क्षेत्रात येते याची मला कल्पना आहे, तरी एक दिवसापुरती...' खाली पूर्ण नाव, पत्ता.

१३ फेब्रु.
उत्तर नाही. दादांना सांगितलं, उडवणार नाही, लाल आहे, विमान मंत्रालयाची परवानगी आली नाही.
"नवापुरात कधी विमान उतरलंय का रे?"
वाटलं ओरडतील. पण शांतपणे म्हणाले, विरारचा एक आहे, तो असलं काही विचारत बसत नाही. त्याला बोलावतो. मग म्हणाले, "पुढच्या सीझनला पण त्यालाच धरू ना? चालेल ना तुला?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

१६ फेब्रु. संध्या.
लग्न झालं. मी खालचा कॅमेरा.
होड्या दांडीहून सुटल्या तसा विरारवाल्याने ड्रोन सोडला. वळवताना हिसका देतो. बायका वर बघून हात हलवत होत्या. काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू उगाच घाबरलास रं. बघ, काय झालं काय?"
काहीच झालं नाही. हेच कळत नाही. काही होत नसेल तर मी सीझन कशासाठी घालवला? पाच होड्या, सगळ्यांना पताका. मला ते वरून बघायचं होतं.

१९ फेब्रु.
सकाळी मंत्रालयाचं उत्तर. अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवला आहे. कोणत्या, ते लिहिलेलं नाही.
दुपारी दादांचा फोन. लग्नाचा व्हिडिओ फिरत फिरत पोलीस ठाण्यात पोचला. त्यात चिमणी स्वच्छ दिसते. स्टुडिओत विचारायला आले, ड्रोन कोणाचा. बुकिंगच्या वहीत माझं नाव होतं, दादांनी तेच दाखवलं. मी म्हटलं, पण दादा, मी नव्हतो. ते म्हणाले, "माहितीय रे. तू फक्त सांग, लाल-बिल काही माहीत नव्हतं. सोडतील." उद्या अकराला बोलावलंय.
मी उडवला नाही याचा पुरावा म्हणून ईमेलची प्रत काढून आणली. घरी येऊन वाचली. तिच्यात एवढंच दिसतं की जागा लाल आहे हे मला दहा तारखेलाच माहीत होतं, आणि तरी उडवायचं होतं.
नेऊ की घरी ठेवू.
विरारवाल्याचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.