दुसरं ‘जी’

रविवार संध्याकाळ, नोएडा

चिडलेय मी. फोनवर जुना पोवाडा लावला होता, लहानपणी सरकारी टीव्हीवर लागायचा तसलाच. शाहीर डफावर थाप मारतोय, मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतायत. तर माझी लेक हसत म्हणते, “आई यार, हे सगळे कुणाला जी-जी करतायत? बॉसला?”

बॉसला! हिला दिल्लीचं एकच ‘जी’ माहीत, मान खाली घालून म्हणायचं. पण चूक तिची का? दुसरं ‘जी’ तिला ऐकवलं कुणी?

बाबा ऑफिसात दिवसभर ‘जी साहब, जी साहब’ करायचे. पण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, टीव्हीवर शाहीर आला की बनियनवरच उभे राहायचे. कानावर हात ठेवून असं ‘जी’ ओढायचे, की शेजारी भिंत ठोकायचे. मग बाबा सूर आणखी चढवायचे.

तेवढ्यात नवरा म्हणाला, “आवाज कमी कर. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय.”

मी फोन बंदच केला. कानावर हात ठेवला. लेकीला म्हटलं, “ऐक, हे दुसरं जी.”

पलीकडून कुणीतरी भिंत ठोकली.

मी सूर आणखी चढवला.